झाडापासून हाड? वनस्पतीजन्य बोन ग्राफ्ट म्हणजे काय आणि ते कुठवर पोहोचलंय

पुण्याहून वाईला येताना सुरूर फाट्यावर हायवे सोडावा लागतो. त्याच फाट्याजवळ माझ्या मामाची बाइक घसरली आणि नडगीचं हाड मोडलं. रॉड टाकला, प्लास्टर झालं, महिने गेले, पण एक्स-रेमध्ये मोडलेल्या जागेची फट काही भरेना. शेवटी डॉक्टर म्हणाले, "बोन ग्राफ्ट करावा लागेल. कमरेतून हाड घेऊ." ऑपरेशन झालं. पंधरा दिवसांनी भेटायला गेलो तर मामा म्हणाला, "पायाचं काय नाय रं, कमरंनंच जीव घेतलाय."

त्याच आठवड्यात फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला: 'शास्त्रज्ञांनी लाकडापासून हाड बनवलं, आता ऑपरेशनची गरज नाही.' मामीने मला विचारलं, "तू इंजिनिअर ना, सांग बरं, खरं का हे?" मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण वाचायला लागलो तेव्हा कळलं की फॉरवर्डचा पहिला अर्धा भाग बऱ्यापैकी खरा आहे आणि दुसरा अर्धा साफ खोटा. तो फरक या लेखात समजून घेऊ.

आधी हाड समजून घेऊ

हाड म्हणजे खडूसारखी निर्जीव कांडी, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात हाड जिवंत असतं. त्यात रक्तवाहिन्या असतात, पेशी असतात आणि आयुष्यभर दुरुस्तीचं काम चालू असतं. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड कुरतडून काढतात आणि ऑस्टिओब्लास्ट नावाच्या पेशी तिथे नवं हाड भरतात.

वजनाने पाहिलं तर हाडाचा जवळपास दोन तृतीयांश भाग खनिज असतो. हे खनिज म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचा एक स्फटिक, नाव हायड्रॉक्सीॲपेटाइट. उरलेल्या भागात मुख्यतः कोलॅजन हे प्रथिन आणि पाणी. खनिजामुळे कडकपणा येतो, कोलॅजनमुळे चिवटपणा. आरसीसीचा स्लॅब आठवा: काँक्रीट दाब सहन करतं, सळई ताण सहन करते. हाडाचंही साधारण तसंच.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. हाड आतून भरीव नसतं. बाहेरचं कवच घट्ट असतं, पण त्यातही रक्तवाहिन्यांसाठी बारीक उभ्या नळ्या असतात. टोकांकडचा आतला भाग तर स्पंजसारखा जाळीदार असतो. पुढे झाडांचा विषय येईल तेव्हा या नळ्या लक्षात ठेवा.

बोन ग्राफ्ट कधी लागतो?

साधं फ्रॅक्चर शरीर स्वतःच भरून काढतं. मोडलेली टोकं जवळ आणून स्थिर ठेवली की बाकीचं काम पेशी करतात. पण काही वेळा हे जमत नाही:

- अपघातात हाडाचा तुकडाच निघून गेला असेल
- गाठ काढल्यावर हाडात पोकळी राहिली असेल
- जंतुसंसर्गाने हाड सडलं म्हणून काढावं लागलं असेल
- मणके एकमेकांना जोडायचे असतील
- दात बसवण्यापूर्वी जबड्याचं झिजलेलं हाड वाढवायचं असेल
- किंवा मामासारखं, कित्येक महिने झाले तरी फ्रॅक्चर जुळतच नसेल. याला डॉक्टर 'नॉन-युनियन' म्हणतात.

अशा वेळी त्या जागी बाहेरून काहीतरी भरावं लागतं, ज्याच्या आधाराने नवं हाड वाढेल. तोच बोन ग्राफ्ट. मराठीत ग्राफ्टला आपल्याकडे आधीपासून शब्द आहे: कलम. आंब्याचं कलम बांधतात, तसं हे हाडाचं कलम.

आज डॉक्टरांकडे कोणते पर्याय आहेत?

१. स्वतःचं हाड. बहुतेक वेळा कमरेच्या हाडाच्या कडेवरून घेतात. यात रुग्णाच्याच जिवंत पेशी असतात, शरीर ते नाकारत नाही, म्हणून आजही हाच सर्वांत भरवशाचा पर्याय मानतात. तोटा मामाने सांगितलाच: एका जखमेच्या जागी दोन जखमा. काहींना कमरेचं दुखणं बरेच महिने पुरतं. शिवाय तिथून मिळणारं हाड मोजकंच असतं.

२. दुसऱ्या माणसाचं हाड. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये १९८८ पासून टिश्यू बँक आहे. दान मिळालेलं हाड आणि इतर ऊतक तिथे प्रक्रिया करून गॅमा किरणांनी निर्जंतुक केलं जातं. सांध्याच्या ऑपरेशनमध्ये काढलेला खुब्याचा गोळा एरवी कचऱ्यात जातो, पण संमती आणि तपासण्या असतील तर तोही दुसऱ्याच्या कामी येऊ शकतो. भारतात अवयवदानाच्या १९९४ च्या कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती होऊन ऊतकंही त्यात आली. तोटा: या हाडात जिवंत पेशी उरत नाहीत आणि दाते कमी पडतात.

३. जनावराचं हाड. मुख्यतः गाई-बैलांच्या किंवा डुकराच्या हाडावर प्रक्रिया करून त्यातला सेंद्रिय भाग काढतात आणि खनिज ठेवतात. दातांच्या कामात हे जगभर वापरलं जातं. ही कल्पना फार जुनी आहे. १६६८ मध्ये योब व्हान मीकेरेन या डच सर्जनने एका रशियन सैनिकाच्या कवटीत कुत्र्याचं हाड बसवल्याची नोंद केली होती. आपल्याकडे मात्र अनेक घरांत हा श्रद्धेचा प्रश्न असतो, आणि तो ऑपरेशनच्या आधी विचारलेला बरा.

४. कारखान्यात बनवलेलं मटेरियल. यात हायड्रॉक्सीॲपेटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, बायोॲक्टिव्ह ग्लास वगैरे येतात. बायोॲक्टिव्ह ग्लास १९६९ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात लॅरी हेंच यांनी शोधली: अशी काच जी हाडाला चिकटते. भारतात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेनेही हायड्रॉक्सीॲपेटाइट आणि बायोॲक्टिव्ह ग्लास यांचं मिश्रण विकसित केलं आहे. तोटा: पावडर भट्टीत भाजून बनवलेल्या तुकड्यात हाडासारखी आतली रचना आणणं कठीण जातं.

चौथ्या पर्यायातली ही जी उणीव आहे, तिथेच झाडं कामाला येतात.

चांगल्या ग्राफ्टकडून काय अपेक्षा असते?

समजा, परसात दोडक्याचा वेल लावलाय. वेलाला चढायला मांडव हवा. मांडवाशिवाय वेल जमिनीवर लोळतो. ग्राफ्ट म्हणजे हाडाच्या पेशींसाठी घातलेला मांडव. पण या मांडवाकडून जरा जास्त अपेक्षा असतात:

- आधार: पेशींना चिकटायला आणि पसरायला जागा मिळाली पाहिजे.
- निरोप: 'इथे हाड बनवा' असा संदेश आसपासच्या मूळ पेशींना मिळाला पाहिजे. हाडातच असे संदेश देणारी प्रथिनं असतात, हे मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवलं.
- कामगार: हाड बनवणाऱ्या जिवंत पेशी. या फक्त स्वतःच्या ताज्या हाडातून पुरेशा मिळतात. म्हणून तो पर्याय अजून पहिल्या नंबरावर आहे.
- छिद्रं: साधारण १०० मायक्रॉनपेक्षा मोठी आणि एकमेकांना जोडलेली. साधारण माणसाच्या केसाची जाडी डोळ्यांसमोर आणा. छिद्रं यापेक्षा लहान असतील तर रक्तवाहिन्या आत शिरत नाहीत आणि आतल्या पेशी उपाशी मरतात.
- ताकद: चालताना, वाकताना येणारा भार सोसला पाहिजे.
- निरोपाची वेळ: नवं हाड तयार होईल तसा मांडव हळूहळू विरघळला पाहिजे. लवकर विरघळला तर वेल कोसळतो, विरघळलाच नाही तर कायमचा अडथळा होतो.

या यादीतली एखादी गोष्ट जमवणं सोपं आहे. सगळ्या एकाच वेळी जमवणं ही खरी डोकेदुखी.

मग झाडच का?

कारण झाडाचीही अडचण हाडासारखीच आहे. वजन कमी ठेवायचं, उभं राहायचं, वाऱ्यात मोडायचं नाही आणि आतून पाणी वर न्यायचं. त्यावर झाडाने काढलेला उपाय म्हणजे नळ्यांचं जाळं. लाकडाचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली पाहिला तर तो बराचसा हाडासारखा दिसतो. अशी रचना कारखान्यात शून्यातून बनवायला महागडी यंत्रं लागतात. झाड ती ऊन, पाणी आणि मातीवर बनवतं.

वनस्पतींचा वापर करण्याचे आज मुख्य तीन मार्ग आहेत. एक, झाडाची फक्त रचना घ्यायची आणि मटेरियल बदलायचं. दोन, झाडाचं मटेरियल तसंच ठेवायचं आणि फक्त पेशी धुऊन काढायच्या. तीन, झाडातलं एखादं रसायन किंवा प्रथिन वेगळं काढून वापरायचं. एकेक पाहू.

पहिला मार्ग: वेताचं हाड

वेत आपल्याला दोन कारणांनी माहीत: खुर्ची आणि गुरुजी. वेत म्हणजे खरं तर ताडाच्या कुळातला चढणारा वेल. खूप उंच चढायचं असल्याने त्याच्या आतल्या पाण्याच्या नळ्या लांब, सरळ आणि रुंद असतात. रुंदी २०० ते ३०० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे हाडाच्या पेशींना हवी तशीच.

इटलीत फाएन्झा नावाचं गाव आहे, शेकडो वर्षं चिनीमातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. तिथल्या सरकारी सिरॅमिक संशोधन संस्थेत ॲना ताम्पिएरी यांच्या गटाने लाकडाचं हाडात रूपांतर करण्याची पद्धत बसवली आणि २००९ मध्ये ती प्रसिद्ध केली. पायऱ्या अशा:

१. वेताचा तुकडा ऑक्सिजनशिवाय तापवायचा. लोणारी कोळसा पाडतात तसंच, फक्त फार नियंत्रित पद्धतीने. बाकी सगळं उडून जातं, कार्बनचा सांगाडा उरतो. नळ्या जशाच्या तशा.
२. प्रचंड तापमानात त्यावर कॅल्शियमची वाफ सोडायची. कार्बनचं कॅल्शियम कार्बाइड होतं.
३. मग ऑक्सिजन द्यायचा. कार्बाइडचं कॅल्शियम ऑक्साइड होतं, म्हणजे आपला कळीचा चुना.
४. त्यावर कार्बन डायऑक्साइड सोडायचा. चुन्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं, म्हणजे खडू किंवा शिंपल्यातलं द्रव्य.
५. शेवटी दाबाखाली फॉस्फेटच्या गरम द्रावणात ठेवायचं. कार्बोनेटचं हायड्रॉक्सीॲपेटाइट होतं. हाडातलंच खनिज.

म्हणजे शेवटी हातात येतो तो वेताच्या आकाराचा, पण हाडाच्या खनिजाचा तुकडा. त्यात लाकडाचा अंशही उरलेला नसतो. माझ्या भाषेत सांगायचं तर फोल्डर स्ट्रक्चर तेच ठेवलं, आतल्या सगळ्या फाइल्स बदलल्या. त्यामुळे 'शरीरात लाकूड घालतात' हे वाक्य चूक आहे.

या तुकड्यांच्या मेंढ्यांवर चाचण्या झाल्या. पुढे हे तंत्र बाजारात आणण्यासाठी फाएन्झातच ग्रीनबोन ऑर्थो ही कंपनी निघाली आणि काम माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचलं. वनस्पतीपासून सुरुवात करून ऑपरेशन थिएटरपर्यंत आलेल्या मोजक्या उदाहरणांपैकी हे एक.

याच जातीचं एक जुनं उदाहरण समुद्रातलं आहे. काही लाल शेवाळांच्या अंगात कॅल्शियम कार्बोनेटचा सच्छिद्र सांगाडा असतो. त्याचं हायड्रॉक्सीॲपेटाइट करून बनवलेले दाणे जबड्याचं हाड वाढवण्यासाठी दंतवैद्यकात गेली काही दशकं वापरात आहेत. शेवाळ शास्त्रीयदृष्ट्या झाड नाही, पण कल्पना तीच: रचना निसर्गाची, खनिज हाडाचं.

दुसरा मार्ग: धुतलेलं सफरचंद

कॅनडात ओटावा विद्यापीठात अँड्र्यू पेलिंग यांच्या प्रयोगशाळेने सफरचंद घेतलं, पातळ काप केले आणि साबणासारख्या द्रावणात धुऊन त्यातल्या पेशी काढून टाकल्या. मागे उरली सेल्युलोजची पांढरी, पारदर्शक जाळी. २०१४ मध्ये त्यांनी दाखवलं की या जाळीवर सस्तन प्राण्यांच्या पेशी छान वाढतात. पुढे ही जाळी उंदरांच्या कातडीखाली ठेवली, तर तिच्यात रक्तवाहिन्याही शिरल्या. नंतर उंदरांच्या कवटीतली छिद्रं भरण्यासाठीही ती वापरून पाहिली.

सफरचंद स्वस्त, जाळी तयार, जनावराचा संबंध नाही. मग अडलं कुठे?

अडलं सेल्युलोजच्या पचनावर. गाईला कडबा पचतो, कारण तिच्या पोटात सेल्युलोज तोडणारे सूक्ष्मजीव असतात. आपल्या शरीरात सेल्युलोज तोडणारं एन्झाइमच नाही. त्यामुळे हाडात ठेवलेली जाळी फारशी विरघळत नाही, वर्षानुवर्षं तिथेच राहते. वरच्या यादीतली शेवटची अट इथे नापास. त्यावर उपाय म्हणून सेल्युलोजवर रासायनिक प्रक्रिया करून ते विरघळेल असं करतात. हे अशक्य नाही: ऑपरेशनमध्ये रक्तस्राव थांबवायला वापरतात ती ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजची जाळी शरीरात विरघळतेच.

दुसरी अडचण ताकदीची. हाडाचं बाहेरचं कवच १०० मेगापास्कलपेक्षा जास्त दाब सोसतं. धुतलेल्या सफरचंदाची जाळी बोटाने चेंगरते. म्हणजे ती कवटी किंवा जबड्यातल्या भार नसलेल्या जागेसाठी विचारात घेता येईल, नडगीसाठी एकटी नाही.

वाई तालुक्यात भुईंजला साखर कारखाना आहे, त्यामुळे उसाचं चिपाड आपल्याला नवीन नाही. चिपाडातही भरपूर सेल्युलोज असतं आणि त्यापासून हाडासाठी स्पंज किंवा जेल बनवण्यावर जगात काम चालू आहे. कॅनडातल्याच मॅकमास्टर आणि ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१९ मध्ये वनस्पतींच्या नॅनोसेल्युलोजचा हलका फेस उंदरांच्या हाडात वापरून दाखवला. पण चिपाड ते इम्प्लांट हे अंतर मोठं आहे. मेडिकल दर्जाच्या शुद्धतेसाठी लागणारा खर्च कच्च्या मालाच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त असतो. 'कच्चा माल फुकट, म्हणून इम्प्लांट स्वस्त' हे गणित इथे चालत नाही.

तिसरा मार्ग: सोयाबीन, शेवाळ आणि हळद

सोयाबीन. इंग्लंडच्या ब्रायटन विद्यापीठातले मातेओ सान्तिन आणि त्यांचे सहकारी यांनी तेल काढलेल्या सोयाबीनपासून दाणे बनवले, जवळपास टोफूचाच प्रकार. सशाच्या हाडातल्या पोकळीत ते भरल्यावर हाड भरून येण्यास मदत झाली, आणि हे दाणे विरघळतातही. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेवोन नावाची द्रव्यं असतात, जी हाडाच्या पेशींवर परिणाम करतात. म्हणजे मांडव आणि निरोप दोन्ही थोडेथोडे. सातारा-सांगलीच्या शेतात पिकणारं हे पीक असं कुठे पोहोचेल, हे वाचताना मलाही गंमत वाटली. पण जनावरांवरचा प्रयोग म्हणजे उपचार नव्हे, हे विसरू नका.

अल्जिनेट. डेंटिस्ट दाताचं माप घ्यायला तोंडात जो थंड लगदा भरतात, तो बहुधा अल्जिनेटचा असतो. तपकिरी समुद्री शेवाळापासून ते काढतात. कॅल्शियम मिळालं की त्याचं जेल होतं. हाडाच्या कामात त्याचा उपयोग पेशी किंवा औषध धरून ठेवायला होतो. स्वतः ते मऊच.

हळद. वाई आणि सांगली म्हटलं की हळद आलीच. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत सुष्मिता बोस यांच्या गटाने थ्रीडी प्रिंटरवर कॅल्शियम फॉस्फेटचे सच्छिद्र तुकडे छापले आणि त्यात हळदीतलं करक्युमिन भरलं. प्रयोगशाळेत हाडाच्या कॅन्सरच्या पेशी कमी झाल्या आणि निरोगी हाडाच्या पेशींना मदत झाली. करक्युमिन पोटातून घेतलं तर फार थोडं रक्तात पोहोचतं, म्हणून ते थेट जागेवर सोडायची ही युक्ती. याचा अर्थ हळदीचं दूध प्यायल्याने फ्रॅक्चर जुळतं, असा होत नाही.

महाराष्ट्रात काय चाललंय?

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, म्हणजे एनसीएलच्या संशोधनातून सेरिजेन मेडिप्रॉडक्ट्स ही कंपनी उभी राहिली. तिचं मटेरियल रेशीम. रेशमातलं फायब्रोइन हे प्रथिन वेगळं काढून त्याचे सच्छिद्र तुकडे बनवतात आणि ते हाडातली पोकळी भरण्यासाठी वापरायचे, अशी कल्पना. रेशमाचा धागा ऑपरेशनच्या टाक्यांसाठी कित्येक वर्षं वापरात आहे, त्यामुळे शरीराला तो ओळखीचा.

प्रामाणिकपणे सांगायचं तर रेशीम वनस्पतीजन्य नाही. तुतीचा पाला खाणाऱ्या किड्याने ते बनवलेलं असतं. म्हणून ज्यांना पूर्ण शाकाहारी पर्याय हवा आहे, त्यांच्यासाठी ते उत्तर नाही. पण गाई-डुकराच्या हाडाला पर्याय शोधणाऱ्यांमध्ये ते आपल्याकडचं सर्वांत जवळचं काम आहे.

आणि कांडवेल?

हा प्रश्न येणारच. कांडवेल, म्हणजेच हाडजोडी, आपल्याकडे हाड मोडल्यावर वापरायची जुनी रीत आहे. बनारस हिंदू विद्यापीठात उडुपा आणि प्रसाद यांनी १९६० च्या दशकात या वेलावर प्राण्यांमध्ये प्रयोग केले आणि फ्रॅक्चर लवकर भरतं असं नोंदवलं. म्हणजे विषय थट्टेचा नाही.

पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. कांडवेल हे औषध म्हणून घ्यायचा पदार्थ आहे. बोन ग्राफ्ट ही जागा भरणारी वस्तू आहे. दोन सेंटिमीटरचं हाडच नसेल, तर कुठलाही लेप किंवा काढा ती फट भरणार नाही. लेप लावून मोडलेलं हाड घट्ट बांधण्यात वेगळाच धोका आहे: आतून सूज वाढली तर रक्तपुरवठा तुटून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. आधी एक्स-रे, मग बाकी सगळं. आणि काढा घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

दुकानात का मिळत नाही अजून?

वाचताना वाटतं की सगळं तयारच आहे. पण प्रयोगशाळेतून ऑपरेशन थिएटरपर्यंतचा रस्ता पसरणीच्या घाटासारखा आहे, वळणावर वळण:

- प्रत्येक झाड वेगळं. पाऊस, माती, वय बदललं की नळ्यांचा आकार बदलतो. इम्प्लांट मात्र प्रत्येक वेळी सारखंच हवं.
- निर्जंतुकीकरण. उष्णता किंवा किरणांनी जंतू मरतात, पण नाजूक जाळी खराबही होऊ शकते.
- राहिलेले अंश. धुण्याचं रसायन, शेतातलं कीटकनाशक, वनस्पतीचं प्रथिन: काहीही उरलं तर शरीर चिडतं.
- ठिसूळपणा. खनिजाचा तुकडा दाब सोसतो, पण वाकवलं की मोडतो. म्हणून मोठ्या हाडात ग्राफ्टबरोबर रॉड किंवा प्लेट लागतेच.
- परवानगी. भारतात वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम लागू आहेत. धोक्यानुसार ए, बी, सी, डी असे चार वर्ग आहेत, आणि शरीरात राहणाऱ्या किंवा विरघळणाऱ्या वस्तू वरच्या वर्गांत येतात. त्यांना केंद्रीय औषध नियंत्रकांच्या कार्यालयाची परवानगी लागते, आणि त्यासाठी माणसांवरचा पुरावा.

हा उशीर कंटाळवाणा वाटतो, पण आपल्याकडे ॲप बिघडलं तर अपडेट टाकता येतं. हाडात बसवलेल्या तुकड्याला अपडेट नसतं.

फॉरवर्ड आला तर काय तपासाल?

१. प्रयोग कशावर झाला? बशीतल्या पेशी, उंदीर, मेंढी की माणूस? बातमीत हे लिहिलं नसेल तर बहुधा माणूस नसतो.
२. कुठलं हाड? जबड्यातली छोटी पोकळी आणि मांडीचं हाड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.
३. तुलना कशाशी केली? काहीच न भरण्यापेक्षा चांगलं आणि स्वतःच्या हाडापेक्षा चांगलं, हे दोन वेगळे दावे आहेत.
४. 'ऑपरेशनची गरज नाही' असं लिहिलंय का? मग पुढे वाचूच नका. ग्राफ्ट कुठलाही असो, तो आत बसवायला ऑपरेशन लागतंच.

घरात कुणाला ग्राफ्ट सांगितला असेल तर

आमच्या मामाच्या बिलात नुसतं 'बोन सबस्टिट्यूट' असं लिहिलं होतं. म्हणजे कमरेतलं हाड पुरलं नाही म्हणून आणखी काहीतरी भरलं होतं. ते कशापासून बनलंय, हे आम्ही विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. तुम्ही मात्र ऑपरेशनच्या आधी विचारा:

- डॉक्टर, ग्राफ्ट कुठून घेणार: कमरेतून, दात्याकडून, जनावरापासून की कृत्रिम?
- आमच्या घरात गाईचं किंवा डुकराचं चालत नाही. दुसरा पर्याय आहे का आणि त्याने परिणाम बदलेल का?
- हे मटेरियल विरघळतं की कायम राहतं?
- याचा खर्च पॅकेजमध्ये आहे की वेगळा?

ऑपरेशननंतर इम्प्लांटच्या डब्यावरचं स्टिकर केस पेपरवर लावतात. त्यावर कंपनी, बॅच नंबर, मुदत असं सगळं असतं. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पाच वर्षांनी दुसऱ्या गावात दुसऱ्या डॉक्टरने विचारलं तर तोच फोटो कामाला येतो.

आणि सर्वांत स्वस्त उपाय: तंबाखू, सिगारेट, मिश्री बंद. निकोटीनमुळे हाड जुळायला उशीर होतो, नॉन-युनियनचा धोका वाढतो. डायबेटिस असेल तर साखर आटोक्यात ठेवा. मांडव वेताचा असो की सोन्याचा, वेलाला पाणीच मिळालं नाही तर तो चढणार कसा?

थोडक्यात

- झाडापासून बोन ग्राफ्ट ही कल्पना खरी आहे. वेतापासूनचा तुकडा सर्वांत पुढे पोहोचलाय.
- त्यात झाडाची रचना वापरतात. लाकूड शरीरात जात नाही.
- सफरचंद, सोयाबीन, नॅनोसेल्युलोज, करक्युमिन हे अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर आहेत.
- स्वतःच्या हाडाची बरोबरी करणं कठीण, कारण त्यात जिवंत पेशी असतात.
- फॉरवर्ड वाचून ठरलेलं ऑपरेशन पुढे ढकलू नका.

मामा आता काठी न घेता चालतो. परवा कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या उतरून गेला. कमर अजून थंडीत ठणकते म्हणतो. पुढच्या एखाद्या मामाला ती दुसरी जखम होऊ नये, एवढ्याचसाठी हा सगळा खटाटोप चाललाय. मामीला मी ग्रुपवर उत्तर पाठवलं: "खरं आहे, पण अर्धंच. आणि मामाला मिश्री देऊ नकोस."